फाइव्ह पॉइंट वन, मुक्काम राहुरी

नुसते टीव्ही विकणाऱ्याकडे फार किस्से जमत नाहीत. टीव्ही भिंतीला टांगला, चित्र दिसलं, चहा पिऊन माणूस मोकळा! आवाजाचं तसं नाही. घरात सहा माणसं म्हणजे बारा कान, आणि प्रत्येक कानाचं मत वेगळं. राहुरीत आमचं होम थिएटरचं दुकान आहे. विकतो मी, जोडायला जातो माझा पार्टनर बापू, आणि बापू कुठं अडकला की मागोमाग मी. या धंद्यात दोन गोष्टी ठेवायला जागा पुरत नाही: रिकामी खोकी आणि किस्से. खोकी निदान भंगारवाला तरी नेतो!

* * *

हायस्कूलचे एक सर मोबाईलवर महिनाभर अभ्यास करून आले. "फाइव्ह पॉइंट वनच पाहिजे!" म्हणजे पाच स्पीकर आणि जमिनीवर ठेवायचा, घर हादरवणारा एक वूफर. बापूनं तीन स्पीकर पुढं, दोन सोफ्याच्या मागं असे नियमानं लावले.

आठवड्यानं सरांचा फोन. "पैसे वाया गेले. आवाज फिरतच नाही!"

जाऊन बघतो तर पाचही स्पीकर टीव्हीच्या वर एका ओळीत! पूर्वजांचे फोटो लावावेत तसे. वर झेंडूची माळसुद्धा.

"सर, मागचे दोन पुढं का आणले?"

"मागं लावले तर पाव्हण्यांना दिसत नाहीत हो!"

"पण आवाज मागून यायला पाहिजे ना!"

सरांनी गंभीरपणे विचार केला. म्हणाले, "मग असं करू. पाव्हण्यांना उलटं बसवू."

* * *

एका बंगल्यात वास्तुवाल्यानं सांगितलं, ईशान्येला काळी वस्तू नको. वूफर काळा, आणि बापूनं ठेवला होता नेमका ईशान्येला. तो उचलून दक्षिणेला नेला, तिथं देवघराची भिंत. पश्चिमेला सुनेचं कपाट. फिरत फिरत वूफर शेवटी स्वयंपाकघरात गेला, ओट्याखाली!

पुढं कधीतरी त्या घरच्या ताई बाजारात भेटल्या. मी भीत भीत विचारलं, "कसं चाललंय?"

"छान! फक्त मारामारीचा सिनेमा लागला की मी आधी लोणच्याची बरणी खाली उतरवते."

* * *

शनिशिंगणापूरला एका घरी ब्लूटूथचा साउंडबार बसवला. बापू त्याला पासवर्ड टाकायला लागला, तर मालक हसायला लागले. "भाऊ, आमच्या गावात घराला दार न्हाई, अन् या डब्याला कुलूप व्हय?"

राहिला उघडाच. आणि त्यांच्या अंगणाशेजारी भाविकांच्या गाड्या लागतात!

चार दिवसांनी संध्याकाळी घरात भजन लावलेलं. मधेच भजन थांबलं आणि साउंडबारमधून एका बाईंचा आवाज घरभर घुमला, "अहो, नवस फेडायला गेलात ते ठीक, पण नवस कसला बोलला होता ते आधी मला सांगा!"

बाहेर गाडीत बसलेल्या कुणा भाविकाला बायकोचा व्हॉइस मेसेज आलेला. फोन जोडला गेला या डब्याला! घरातली सगळी माणसं कान टवकारून बसली. पण पुढं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांची तक्रार आली. मला वाटलं आता पासवर्ड मागतील. तर म्हणाले, "भाऊ, डब्यात फॉल्ट हाय. बाईचं सगळं आलं, त्या माणसाचं उत्तरच ऐकू आलं न्हाई!"

* * *

राजूरच्या एका गिऱ्हाइकाचा फोन. "दुकानात वाजत हुतं तसं घरी वाजत न्हाई. आवाज दबलाय." घाट चढून आम्ही दोघं गेलो. बघतो तर प्रत्येक स्पीकरला जाडजूड, रंगीत तुकड्यांचं, गोधडीचं कव्हर! कोपऱ्यांना गोंडेसुद्धा.

"धूळ बसती ओ," घरच्या मावशी अभिमानानं म्हणाल्या. "आठ दिस शिवत हुते."

बापूनं हळूच सांगितलं, "मावशी, एवढं काढलं की आवाज मोकळा होईल."

मावशींनी एकदा कव्हरकडं पाहिलं, एकदा बापूकडं. "तुमी एवढ्या लांबून आलाय, तर जरा भारी मशीन आणायचं की! कव्हरातून वाजंल असं!"

* * *

मधे एकदा लागोपाठ तीन घरांतून एकच तक्रार आली. डावीकडचा स्पीकर जास्त वाजतोय. बापू म्हणाला, "कंपनीचा माल खराब." पण डावा-उजवा आवाज बापू स्वतःच्या कानानं जुळवतो, म्हणून मला शंका आली. त्याला धरून कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी बापूच्या डाव्या कानातून हरभऱ्याएवढा मळ काढला!

बाहेर रस्त्यावर आल्यावर बापू कानांवर हात ठेवून उभा. "केवढा गोंगाट आहे या गावात! लोक राहतात कसे?"

मग घरोघरी जाऊन आवाज परत जुळवणं आलं. एका रिटायर तलाठ्यांनी मात्र हात लावू दिला नाही. "ऱ्हाऊ द्या. आता आमची मान तिकडं वळलीय."

* * *

आणि एक आण्णा होते. सत्तरीचे, धोतर-टोपीतले. दुकानात आले आणि म्हणाले, "मोठा वूफर दावा."

मी गाणं लावलं. आण्णांनी ऐकलंच नाही. खाली बसले आणि वूफरवर तळहात ठेवला. "ह्यो न्हाई. दुसरा." दुसऱ्यावर हात. "ह्यो बी न्हाई." असे पाच वूफर हातानं तपासले!

बापू वैतागला. "आण्णा, आवाज कानानं ऐकायचा असतो."

"मला आवाज नको," आण्णा म्हणाले. "हादरा पायजे."

सहाव्यावर हात ठेवल्यावर त्यांनी मान हलवली. वूफर टेम्पोत घालून आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो. घरात दोघंच, आण्णा आणि त्यांची मालकीण. मी म्हणालो, "आजी, राम राम!" आजी नुसत्या हसल्या.

"तिला ऐकू येत न्हाई," आण्णा म्हणाले. "सात वर्षं झाली. ताप आला आन् कान घेऊन गेला."

बापूचा हात वायरवरच थांबला. मग त्यानं एरवीपेक्षा जास्त निगुतीनं सगळं जोडलं. आण्णांनी मोबाईल पुढं केला. गावच्या जत्रेतलं रेकॉर्डिंग होतं, तरुणपणी आण्णा स्वतः ढोल वाजवत होते तेव्हाचं. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून भरून दिलेलं.

ढोल सुरू झाला. खिडकीची तावदानं थरथरली. आण्णांनी आजींना हाताला धरून आणलं, खाली बसवलं आणि त्यांचे दोन्ही तळहात वूफरवर ठेवले.

आजी आधी दचकल्या. मग डोळे मिटून बसून राहिल्या. हळूहळू त्यांची बोटं ठेका धरायला लागली.

आणि एकदम डोळे उघडून त्या आण्णांवर ओरडल्या, "अवो, कमी करा की जरा! शेजारी काय म्हनतील?"

बापूनं घाईघाईनं बटण फिरवलं.

आजींचे हात तसेच होते. बापूकडं बघून म्हणाल्या, "एवढा बी नको रं कमी करू!"