परतूरची साळू

परतूरला स्टेशन रोडवर आडतीच्या दुकानांची ओळ संपते तिथं एक अरुंद दुकान होतं. पाटी नव्हती. दारावर टांगलेले शाळेचे गणवेश हीच त्याची ओळख. आत सत्यशीला मशीन चालवायची. गिऱ्हाईकं मात्र तिला उषाताई म्हणत. लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं अंगठीनं 'उषा' असं लिहिलं आणि तेव्हापासून ती उषा झाली. सत्यशीला हे वडलांनी ठेवलेलं नाव आष्टीला माहेरी गेल्यावर चालू व्हायचं आणि परतूरच्या स्टँडवर उतरलं की बंद पडायचं. तिला त्याचं दुःख होतं असं नाही. फक्त मागून कुणी 'उषाताई' म्हणून हाक मारली तर वळायला तिला किंचित उशीर व्हायचा.

२००४ च्या हिवाळ्यात एका शाळेच्या गॅदरिंगचं काम तिच्याकडं आलं. वाघ आणि ससे तिनं आधी शिवले होते. या वेळी बाईंना कोल्हा पाहिजे होता, आणि त्याची शेपूट उभी राहायला पाहिजे होती. सत्यशीलानं जालन्याहून केसाळ कापड आणलं, गादीवाल्याकडून स्पंज आणला, जिनिंगमधला कापूस ठासून शेपूट भरली. शेपूट झाली सुंदर, पण पँटला लावली की पँटसकट खाली यायची.

तिचा नवरा संपत आडतीत मापाडी होता. जेवताना तो म्हणाला, "वायर टाक आत."

"वायर टाकली. आता वायरीसकट पडून राह्यली."

तिच्या दुकानाशेजारी बदरोद्दीनचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या पुढच्या भागात त्याच्या मुलीनं, ताहेरानं, दोन कॉम्प्युटर टाकून इंटरनेट सुरू केलं होतं. ताहेरा जालन्याला कोर्स करून आलेली, इंग्रजी भराभर वाचायची. सत्यशीला शेपूट काखेत घेऊनच तिच्याकडं गेली.

"ताहेरा, ह्याच्यात सगळं भेटतंय म्हणतेस. मंग कोल्ह्याची शेपूट उभी कशी ऱ्हाते ते बघ बरं."

ताहेरा हसली, पण तिनं शोधलं. बऱ्याच वेळानं पडद्यावर एक फोटो उतरू लागला, वरून खाली, पट्टीपट्टीनं. आधी दोन कान आले, मग तोंड, मग निळं जाकीट. माणसाएवढा कोल्हा दोन पायांवर उभा होता, आणि त्याची शेपूट झोकात वर होती. त्याच्या बाजूला एक लांडगा आणि एक अस्वल, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून.

"सर्कस हाये का?" सत्यशीलानं विचारलं.

ताहेरा खालचं वाचत होती. "न्हाई भाभी. मानसंच हायेत. कुनी मास्तर, कुनी नर्स, कुनी कॉलेजचं. ह्यांना जनावरांचा शौक हाये. म्हंजे पाळायचा न्हाई, आपन सोता जनावर असतो तर कोन असतो, त्याचा. फरी म्हनतात सोताला. इथं जमून बोलत ऱ्हातात."

"आन् कपडे कोन शिवतं ह्यांचे?"

"सोताच शिवतात बहुतेक."

हे ऐकल्यावर सत्यशीला खुर्ची ओढून बसली.

प्रश्न विचारायचा तर आधी सभासद व्हावं लागत होतं. ताहेरानं घाईत 'उषा टेलर, परतूर' असं भरलं आणि शेपटीची अडचण इंग्रजीत लिहून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच सत्यशीला ताहेराच्या दारात उभी. उत्तर आलं होतं. कॅनडातल्या 'बर्च' नावाच्या लांडग्यानं लिहिलं होतं की शेपूट कापडाला लावू नका. आत कमरेला जाड पट्टा बांधा, शेपूट पट्ट्याला अडकवा, आणि पँटला मागं फट ठेवून ती बाहेर काढा. कापूस जड होतो, स्पंजाचे तुकडे भरा. खाली त्यानं विचारलं होतं, "तुम्ही कोण आहात?"

"लिही, मी टेलर हाये."

ताहेरानं लिहिलं. कॅनडात तेव्हा संध्याकाळ होती, त्यामुळं उत्तर लगेच आलं. "ते कळलं. जनावर कोणतं? आणि नाव काय?"

"नाव तर वरच लिहिलंय की," सत्यशीला म्हणाली.

ताहेरानं तसं कळवलं. बर्चनं समजावून सांगितलं की इथं प्रत्येकाचं एक रूप असतं, त्याला फरसोना म्हणतात, आणि त्या रूपाचं नाव ज्यानं त्यानं स्वतः ठेवायचं असतं. तो पांढरा लांडगा, म्हणून पांढऱ्या सालीच्या झाडाचं नाव त्यानं घेतलं होतं. घाई नाही, त्यानं लिहिलं होतं. काहींना वर्ष लागतं.

गॅदरिंगला कोल्ह्याची शेपूट शेवटपर्यंत उभी राहिली. काम संपलं, पण सत्यशीलाचं तिकडं जाणं संपलं नाही. मशीनवर पाय चालू असायचा आणि डोक्यात घोळत असायचं, नाव आपलं आपण कसं ठेवायचं? बारशात आत्या ठेवते, लग्नात सासर ठेवतं. गावात कुणाला टोपणनाव पडतं तेही लोकच ठेवतात. स्वतःला विचारून नाव ठेवलेलं माणूस तिनं पाहिलेलं नव्हतं.

त्या लोकांच्या रीती ती ताहेराकडून वाचून घ्यायची. कुणी आपल्या आजीच्या भाषेतला शब्द घेतलेला, कुणी नदीचं नाव, कुणी बिस्किटाचं. एकाचं नाव दुसऱ्यानं जसंच्या तसं घ्यायचं नाही; घ्यावंसंच वाटलं तर मागं काहीतरी जोडायचं. एकमेकांचं कागदावरचं नाव कुणी विचारायचं नाही, आणि माहीत असलं तरी सगळ्यांत बोलायचं नाही. जमले की गळ्यात आपलं चित्र आणि नाव असलेला बिल्ला घालायचा. एकदा एका उदमांजरानं लिहिलं की मला माझं नाव आता आपलं वाटत नाही, उद्यापासून नवं. दुसऱ्या दिवसापासून सगळे त्याला नव्या नावानं हाक मारू लागले. एकजण चुकला, तर त्यानं स्वतःच दुरुस्त केलं.

"कुनीच विचारलं न्हाई, काहून बदललं म्हणून?"

"न्हाई. बस, मुबारक म्हनले."

सत्यशीलाला कोल्हा व्हायचं नव्हतं. तिथं कोल्हे आणि लांडगे पैशाला पासरी होते. मांजर तिला आवडायचं नाही. मग एका दुपारी ब्लाउजला हातशिलाई करताना, तोंडात दोन सुया धरलेल्या असताना तिला माहेरच्या शेतात दिसलेलं साळिंदर आठवलं. अंगभर सुया घेऊन ते बांधाकडेनं सळसळत गेलं होतं. तिचे वडील त्याला साळू म्हणायचे. साळू बाईचंही नाव असतं. तिनं तोंडातल्या सुया काढल्या आणि तशीच शेजारी गेली.

"साळू लिही. साळिंदर. गळ्यात टेप."

कॉम्प्युटरनं ते नाव लगेच घेतलं. जगात दुसरी साळू नव्हती.

महिन्याभरानं बर्चनं तिचं चित्र काढून पाठवलं. तिकडं एकमेकांची चित्रं काढून भेट द्यायची पद्धत होती. त्यात एक जाडसर साळिंदर मशीनवर बसलेलं, आणि पाठीच्या प्रत्येक सुईत वेगळ्या रंगाचा दोरा. ताहेरानं ते छापून दिलं आणि सत्यशीलानं मशीनच्या वर चिकटवलं. तिची सासू चतुराबाई डबा घेऊन आली, तिनं चित्र बराच वेळ पाहिलं.

"ही साळू काहून शिवून राह्यली?"

"ती मीच हाये, आत्याबाई."

सासूनं एकदा चित्राकडं, एकदा सुनेकडं पाहिलं. "बसलीस तर बराबर तशीच," ती म्हणाली आणि डबा ठेवून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात संपतच्या धाकट्या भावाचं, मच्छिंद्रचं लग्न ठरलं. मुलगी राजूरकडची. तिचं नाव कचरा. आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून ही जन्मल्यावर तिला उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलून आणली होती आणि हे नाव ठेवलं होतं. घरात बोलणं झालं की नाव वर्षा ठेवायचं. सगळ्यांना पसंत पडलं. हळदीच्या दिवशी सत्यशीला नवरीचं ब्लाउज बसवायला तिच्या खोलीत गेली. दंडाची शिलाई उसवता उसवता तिनं विचारलं, "उद्या तुझं नाव वर्षा ठेवनार हायेत. तुला कोनतं पाहिजे?"

मुलगी गोंधळली. "मला काहून विचारून राह्यल्या?"

"नाव तुझं हाये म्हणून."

सत्यशीलानं एक बाही बसवली, दुसरी घेतली.

"शाळेत पोरी लई हसायच्या," मुलगी म्हणाली. "तवा वाटायचं, जल्दी लगन व्हावं आन् हे नाव जावं. पर माझी माय हाक मारती तवा तसं काही वाटत न्हाई. तिनं मला वाचवायला ठेवलं ते. वर्षा म्हणलं तर तिला कळायचं पन न्हाई कुनाला हाक मारून राह्यले." मग तिनं मान वर केली. "हेच ठेवलं तर चालंल का?"

सत्यशीलाला हे अपेक्षित नव्हतं. तिला वाटलं होतं की मुलगी एखादं छान, मनात जपलेलं नाव सांगेल. ती म्हणाली, "मला चालंल. बाकीच्यांना मी सांगते."

चतुराबाईनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "तांदळात कचरा लिहायचं? लोक काय म्हणतील, निवडून घेतले न्हाईत का म्हणून?"

मांडवाच्या कोपऱ्यात बसलेली माणसं हसायला लागली. हसण्यात सासूही सामील झाली, आणि तिथंच विरोध निम्मा झाला. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी दोनदा विचारून खात्री केली. मच्छिंद्रनं अंगठीनं तांदळावर तीन अक्षरं काढली. नवरीनं खाली वाकून ती वाचली, आणि तिची आई मागं उभी होती, तिला वाचता येत नव्हतं, तर तिला हळूच सांगितलं.

रात्रीची भांडी आवरताना नव्या जावेनं विचारलं, "ताई, तुमचं तुम्ही ठेवलं असतं तर काय ठेवलं असतं?"

"ठेवलंय की," सत्यशीला म्हणाली. "साळू."

जाऊ हसली नाही. "म्हणू का तुम्हाला?"

"म्हण. पर आत्याबाईंच्या म्होरं नको."

फरी लोकांच्या त्या इंटरनेटवरच्या फोरमवर हैदराबादची एक बाई आली होती. ती रोमन अक्षरांत हिंदी लिहायची, म्हणून तिचं लिहिलेलं सत्यशीला स्वतः अक्षर लावून वाचायला शिकली. तिचं नाव चितळ. दोघी दोन वर्षं बोलत होत्या. चितळला उकाडा सहन होत नाही, तिला लोकर विणता येते, घरी म्हातारे वडील आहेत, एवढं सत्यशीलाला माहीत होतं. २००७ ला तिनं कळवलं की वडलांना घेऊन औरंगाबादला जातेय, गाडी परतूरवरून जाईल. आपल्या डब्याचा नंबरही कळवला.

सत्यशीलानं तिच्यासाठी शेपूट शिवली, हरणाची असते तशी आखूड, खालून पांढरी. संपत म्हणाला, "कोन बाई, कुठली, काही ठाव न्हाई, आन् तू शेपूट घेऊन निघालीस. मी येतो संगं."

गाडी थांबली. खिडकीत जाड भिंगांचा चष्मा घातलेली, केस पांढरे होत आलेली बाई बसली होती. गळ्यात बिल्ला, त्यावर ठिपक्यांचं हरीण. सत्यशीला खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. टाईप करून बोलायची सवय, तोंडानं कुठून सुरू करावं?

"साळू?" बाई म्हणाली.

"हौ. चितळ?"

"मैं तुमकू बारीक समझी थी," चितळ म्हणाली आणि दोघी हसल्या.

आतून वडलांनी विचारलं, "कौन है बेटा?"

"मेरी सहेली, अब्बा. साळू. टेलर हैं."

वडलांनी कपाळाला हात लावून सलाम केला. सत्यशीलानं पिशवी आत दिली. चितळनं शेपूट बाहेर काढली, उलटीसुलटी करून शिलाई पाहिली, मागचा टाका नखानं तपासला. "कित्ती साफ है," ती म्हणाली. मग तिनं पर्समधून एक बिल्ला काढून खिडकीच्या गजांतून दिला. साळिंदर, आणि खाली देवनागरीत साळू. गाडी हलली. चितळ हात बाहेर काढून हलवत राहिली, आणि डबे संपेपर्यंत सत्यशीला तिथंच उभी होती.

घरी जाताना संपतनं विचारलं, "नाव काय तिचं?"

"चितळ."

"ते न्हाई. खरं."

"विचारलं न्हाई."

"काहून?"

"तिनं तरी माझं कुठं विचारलं?"

संपतला हे पटलं की नाही कळलं नाही. पण त्या आठवड्यात दुकानात कुणी तिच्या गळ्यातल्या बिल्ल्याबद्दल विचारलं, तर तोच सांगायचा, "ते तिचं तिकडचं नाव हाये. जगात एकच."

नंतर फोरम हळूहळू ओस पडला. माणसं दुसऱ्या ठिकाणी गेली. ताहेरा लग्न होऊन परभणीला गेली, तिच्या जागी झेरॉक्सचं मशीन आलं. सत्यशीलानं मोबाईल घेतला. चितळ महिन्यातून एकदा फोन करायची. एका सकाळी तिचा फोन आला, तो सत्यशीलानं मशीन थांबवून घेतला आणि बराच वेळ ऐकत राहिली.

संपत चहा घेऊन आला होता. "काय म्हनती चितळ?"

"आता चितळ म्हणायचं न्हाई. तिनं नाव बदललं. नूर."

"नूर म्हंजे कोनतं जनावर?"

"तेच मी विचारलं."

"मंग?"

"म्हणली, नाव मनात आलं, जनावर अजून दिसलं न्हाई. दिसलं की फोन करते."

संपतनं चहाचा कप तिच्यापुढं सरकवला आणि स्टुलावर बसला. "मोर आसंल," तो थोड्या वेळानं म्हणाला.

"आसंल," सत्यशीला म्हणाली. "बघू."