खंडोबाच्या किड्याचा उपास

प्लेगमुळे जुन्नर सोडून आम्ही गावाबाहेरच्या रानात झोपडी बांधून राहिलो, त्या हिवाळ्यात अक्काने खंडोबाचा किडा पाळला. पुढचे दोन पाय जोडून देवापुढे बसल्यासारखा बसणारा हा हिरवा किडा तिला झोपडीच्या कुडात, कडब्यावर सापडला होता. माझी ही थोरली बहीण यंदा गेली. तिच्याविषयी लिहायला बसलो की तिच्या संसाराआधी तो किडाच आठवतो.

ती त्याला परडीत ठेवी आणि वर पातळ फडके बांधी. खायला जिवंत माशा देई. बाहेर काढताना मात्र त्याला कधी चिमटीत धरत नसे. चिमटीत तो धडपडतो आणि पाय मोडून घेतो, असे ती सांगे. त्याच्या पुढ्यात तळहात उताणा ठेवायचा आणि थांबायचे. तो मान वळवून पाही, वाटले तर चढे. चढला तरी ती हात जमिनीलगतच ठेवी. त्याचे पोट मऊ; उंचावरून पडला असता तर वाचला नसता.

मार्गशीर्ष लागला. देव आम्ही बरोबर आणले होते. खंडोबाचे घट झोपडीतच बसवले. त्याच दिवसांत किड्याने माशी खायचे सोडले.

"उपास धरलाय त्यानं," आई म्हणाली आणि तिने हात जोडले.

आणे गावाहून आलेले मामा हसले. "लई कडक हाय राव तुमचा किडा. मला तर दुपारपतुर धीर निघत न्हाई."

आईने ठरवले, की चंपाषष्ठीला तळी उचलताना त्याला खोबऱ्याशेजारी, ताम्हनातल्या भंडाऱ्यात बसवायचे. घरातली सगळी माणसे त्या साथीतून वाचावीत, एवढेच तिचे मागणे होते.

षष्ठीच्या सकाळी किडा फडक्याला आतून उलटा लटकलेला दिसला. आई परडी उघडायला आली. अक्काने हात आडवा धरला.

"आज याला कुणी हात लावायचा नाही."

"देवाचं आहे ते. तुझं नाही."

"मागे असाच लटकला होता, तेव्हा कात टाकली. आत्ता खाली पडला तर मरेल."

"आणि देव कोपला तर?"

अक्का परडीपाशी बसून राहिली.

"ताई, तळी उचला," मामा म्हणाले. "किडा काय, बसलाय निवांत. मी न्हाई आता दम धरायचा."

आम्ही तळी उचलली. येळकोटाच्या गजराने झोपडी दणाणली, तेव्हा अक्काने परडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. ती हलू नये म्हणून. गजर संपल्यावर मी डोकावलो. किड्याची पाठ उकलली होती आणि जुन्या कातीतून फिकट, ओले अंग खाली सरकत होते. पंख चुरगळलेले होते. ते हळूहळू उलगडले.

आई चिमूटभर भंडारा घेऊन आली. "लांबून टाकला तर चालेल?"

"उद्या, आई. अंग टणक होऊ दे."

आईने भंडारा क्षणभर चिमटीत तसाच धरला. मग अक्काच्या कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी अक्काने तळहात पुढे केला. किडा बराच वेळ आला नाही. आई स्वयंपाक सोडून बघत बसली होती. शेवटी तो चढला, आणि अक्काने पुढे धरलेली माशी त्याने झडप घालून पकडली.

"सुटला उपास," आई म्हणाली, आणि चुलीकडे वळली.