शिंकेनंतरची शांतता

मंडळी, आज दुपारी मी घरच्यांना पार घाबरवून सोडलं. मी सांगून राहिले, नात लिहून राहिली.

जेवताना पणतू जोरात शिंकला. सगळे मोबाइलमध्ये. कुणीच काही बोललं न्हाई. मी एकदम ओरडले, "अरे, बोला की कुणीतरी!"

नात म्हणाली, "आजी, शिंकेला एवढं काहून भेतीस?"

ऐका मग. निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष होतं. मी सहा-सात वर्षांची. साखरा गावाकडं रझाकारांची धाड आली म्हणून माय मला घेऊन ज्वारीत दडली. बंदुकवाले शेत धुंडाळत होते. तेवढ्यात मला शिंक आली. मायनं तोंड दाबलं, पण उशीर झाला होता.

पावलं आमच्यापाशीच थांबली. ज्वारीच्या ताटांमधून फक्त एका माणसाच्या वहाणा दिसत होत्या. कुणीच काही बोलेना. मायची छाती माझ्या पाठीवर धडधडत होती.

मग तो हळूच म्हणाला, "यरहमुकल्लाह." आपण शिंकलेल्या लेकराला 'शंभर वर्षं जग' म्हणतो, तसंच मुसलमानांत म्हणतात, देव तुझ्यावर दया करो.

आणि सोबत्यांना ओरडून म्हणाला, "इधर कोई नहीं!"

शिंकेसरशी जीव बाहेर पडू नये म्हणून जुनी माणसं आशीर्वाद द्यायला लागली, असं म्हणतात. खरंखोटं मला ठाऊक न्हाई. माझा जीव मात्र तेव्हा बाहेरच पडला होता. त्या माणसानं तो परत दिला.

तुमच्या घरी लेकरू शिंकलं तर काय म्हणता? काहीही म्हणा, पण लवकर म्हणा.