नको म्हणायचा तास

महादेवीबाईंची उंची पाच फुटांच्या आतली, पण आवाज असा की खडू हातातून निसटावा. चौऱ्याहत्तर साली त्या सोलापुरात, मागांच्या खडखडाटातल्या एका म्युनिसिपल शाळेत चौथीला शिकवायच्या. एके दिवशी कवायतीच्या तासाला त्यांनी मुलांना मैदानात उभं केलं.

"कुणी अंगाला नको तसा हात लावला, तर काय म्हणायचं?"

"नको, बाई."

"चहा नको म्हणताय काय? पोटातून ओरडा!"

"नको!"

"कन्नडवाले?"

"ब्याडा!"

"तेलुगूवाले?"

"वद्दू!"

पत्र्यावरचे कावळे उडाले. शेजारच्या कारखान्यातले माग थांबले आणि आग लागली समजून विणकर बादल्या घेऊन धावत आले. मागोमाग हेडमास्तर रुद्रप्पा.

"बाई, शाळा हाय का जनावरांचा बाजार?"

"ओरडायला शिकवते, सर."

"ते काय शिकवावं लागतं व्हय?"

"लागतं की. गप बसायला आपणच शिकवलंय."

बाई मुलांकडे वळल्या. "कुणी 'घरी सांगू नको' म्हणालं, तर आधी तेच घरी सांगायचं. तिथं ऐकलं नाही तर मला. चूक तुमची नसते."

वर्गात शिवम्मा होती. हजेरीला 'हजर' म्हणायची, तेवढाच तिचा आवाज. एका संध्याकाळी ती गूळ आणायला गेली, तर दुकानदार हातावर लिमलेटची गोळी ठेवून तिला पोत्यांमागे ओढू लागला. शिवम्मानं तोंड उघडलं आणि तिन्ही भाषा एकदम बाहेर पडल्या!

समोरच्या ओट्यावर बिड्या वळणाऱ्या बाया तंबाखूची सुपं घेऊनच उठल्या, सगळ्यांत पुढे त्यांच्यातली थोरली बजाबाई. दुकानदार मागच्या दारानं पळाला तो थेट गटारात. बायांनी त्याला ओढून काढलं आणि चौकीपर्यंत नेलं. डोक्यावर सुपातली तंबाखू सांडलेली, दर पावलाला शिंक.

दुसऱ्या दिवशी हे ऐकून बाई हातातला खडू टाकून धावल्या. त्यांनी शिवम्माला जवळ घेतलं. "लागलं नाही ना गं?"

"न्हाय बाई. त्योच लई घाबरला!"

मग शिवम्मानं त्याची शिंक काढून दाखवली, आणि वर्ग लोळायचा बाकी राहिला. ती दिवसभर बोलतच होती. कुणी थांबवलं नाही.

शनिवारी रुद्रप्पा सरांनी सगळी शाळा मैदानात जमवली. "आता समदी शाळा शिकणार. पैलं मी!" त्यांनी छाती फुगवली आणि 'ब्याडा' म्हणताना आवाज असा चिरकला, जणू शेळीच्या शेपटावर पाय पडला. बाई पदर तोंडात कोंबून मटकन मातीत बसल्या. सर मात्र घसा खाकरून पुन्हा ओरडायला उभे राहिले.