आईच्या दहाव्याला माइक

आईच्या दहाव्याची सगळी व्यवस्था मी केली. भटजी, पत्रावळ्या, चहा, गाड्या लावायला शेजारचं रिकामं वावर. प्रत्येक कामाला एक माणूस नेमला. धाकट्या भावाला एकच अट घातली होती. नदीवर माइक नको.

"बरं ताई," तो म्हणाला. भाऊ आमदार आहे. 'बरं' म्हणणं त्याला फार सोपं जातं.

घाटावर पोचले तर माइक, दोन भोंगे आणि जनरेटर. कापूरहोळपासून सारोळ्यापर्यंतचे पुढारी खुर्च्यांवर. भाऊ इतकी वर्षं घरोघरच्या दहाव्याला जाऊन बोलला, त्यातूनच आमदारकीपर्यंत पोचला. आता प्रत्येकाला परतफेड करायची होती. एकाने आईला 'थोर समाजसेविका' करून टाकलं. आईने आयुष्यभर म्हशी सांभाळल्या आणि अशा माणसांना दारातून हाकललं.

पिंड ठेवले. कावळे समोरच्या बाभळीवर बसायचे, भोंगा खरखरला की उडायचे.

"जीव कशात तरी अडकलाय," कुणीतरी म्हणालं. कशात, ते आम्हाला ठाऊक होतं. मावशी विधवा झाल्यापासून आईजवळ राहिली; आई अंथरुणाला खिळल्यावर तिचं सगळं मावशीनेच केलं. तिला या घरातून हलवू नका, एवढंच आईचं मागणं. पण घर रस्त्यालगत, म्हणून भावाला ते जनसंपर्क कार्यालयासाठी हवं होतं. मावशीची सोय तो 'कुठंतरी' करणार होता.

मी त्याच्याजवळ गेले. "हात जोड आणि म्हण, मावशी ह्याच घरात राहील. बाकी काही नको."

तो पुढे झाला. हात जोडले. कुणीतरी सवयीने माइक त्याच्या तोंडापुढे धरला.

"आई, तुझी प्रत्येक इच्छा पूर्ण करण्यासाठी मी कटिबद्ध आहे."

मागे एका कार्यकर्त्याने टाळी वाजवली. नदीवर, पिंडासमोर!

"आरं, आईला मतं मागतूस व्हय?" मावशी कडाडली. "माजं नाव घ्यायला जीभ जड झाली का तुजी?"

पहिल्या रांगेतले पुढारी मोबाईल बघू लागले. भावाने घड्याळ बघितलं. भटजींनी भावाकडे बघितलं, दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववून टाकला. खरा कावळा शिवला नाही तर तसं करतात, हे मलाही कळतं. पण आधी वाट बघतात. गप्प बसून बघतात.

आईच्या घरावर त्याच्याइतकाच माझाही हक्क आहे. माणसं पांगल्यावर मी भोरला गेले, नवं कुलूप आणलं आणि दाराला लावलं. एक किल्ली मावशीला दिली, दुसरी माझ्या पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी भाऊ दारात उभा. "ताई, माझी किल्ली?"

"तुला कशाला? कडी वाजवायची. मावशी घरात असते."