सहा दात आणि एक हळदीकुंकू

मला बघायला आलेल्या बाईनं माझ्या हातचे पोहे चाटूनपुसून खाल्ले आणि दारात चपला घालता घालता मावशीला सांगितलं, "मुलगी गुणाची आहे हो, फक्त तिला हसू नको म्हणावं." मी आत ट्रे ठेवत होते. सगळं ऐकलं. आमच्या गावच्या बोअरच्या पाण्यानं अख्ख्या आळीच्या दातांवर तपकिरी डाग पडलेत, त्यात माझा काय गुन्हा? फार जळफळाट झाला.

मावशी चेन्नईजवळ आवडी नावाच्या गावात सरकारी क्वार्टर्समध्ये राहायची, ती बाई तिच्या मागच्याच लाइनीत. मी चेन्नईच्याच दुसऱ्या टोकाला, तांबरमला मैत्रिणीबरोबर खोली करून सॉफ्टवेअरची नोकरी करत होते. मोबाइलला बटणं होती तेव्हाची गोष्ट. त्याच महिन्यात डेंटिस्टकडे जाऊन पुढच्या सहा दातांवर पोर्सेलिनचे व्हेनिअर, म्हणजे पातळ पांढरे पापुद्रे, बसवून घेतले. लग्नाबिग्नासाठी नाही. संक्रांतीला तिच्या घरी हळदीकुंकू असायचं, तिथं जाऊन तिच्या तोंडावर हसायचं होतं मला. बस्स!

संक्रांतीला सात महिने होते आणि तोवर हे दात जपायचे होते. सुरुवातीलाच माती खाल्ली. आईनं गावाहून काळं दंतमंजन पाठवलं होतं. जास्त चकाकतील या हावेनं मी आठवडाभर तेच खसाखसा घासलं. डॉक्टरीणबाई कडाडल्या, "दात आहेत की कढई? पॉलिश घालवशील सगळं!" मंजन मोरीत ओतलं. मग मऊ ब्रश, जेलची पेस्ट, हलका हात, हिरडीपाशी रोज फ्लॉसचा दोरा. चहाच्या टपरीवरचा मुरुक्कू, म्हणजे तिकडची कडक चकली, पुढच्या दातांनी फोडायचा नाही, शिवताना दोरा दातानं तोडायचा नाही.

पण खरी गोची वेगळीच निघाली. मी झोपेत करकरा दात खात होते. "कुणावर एवढा राग?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी काय सांगणार, कपाळ! त्यांनी झोपताना दातांवर घालायचा प्लास्टिकचा गार्ड दिला. गरम पाण्यानं तो वाकतो, म्हणून सकाळी गार पाण्यानं धुवायचा. रोज तो धुताना मी त्या बाईचा उद्धार करायचे. मजा यायची, खोटं कशाला बोलू.

संक्रांतीला मावशीबरोबर गेले. बाईनं मला ओळखलंच नाही! कुंकू लावता लावता म्हणाली, "अगंबाई, काय सुरेख दात गं! कुणाची तू?"

"काकू, मी तीच. हसू नको म्हणाला होतात ना मला?"

ती कसनुसं हसली, आणि हसताना तिचा हात झटकन तोंडावर गेला. जन्माची सवय असावी. तरी बोटांच्या फटीतून मला दिसलंच, तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते.

"मलाही सासूनं हेच सांगितलं होतं गं," ती हाताआडूनच पुटपुटली. "लग्नात."

मला दया यायला हवी होती. नाही आली. मी सगळे दात दाखवत तिच्यासमोर हसत उभी राहिले. मावशीनं दोनदा कोपर मारलं तरी हसत राहिले. त्या बाईनं पुढच्या तीन जणींना कुंकू एका हातानंच लावलं, दुसरा तोंडावरच होता.