यासीनचाचांची कोरी पाटी

आईबाबांना बाजूला ठेवलं, तर माझ्यावर सर्वांत जास्त उपकार दिग्रसच्या यासीनचाचांचे आहेत. हे वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं असतं, तर त्यांनी आधी विचारलं असतं, "आईबापाले कायले बाजूले ठेवलं बे? त्यायनं काय केलं?"

चाचा मिस्त्री होते. पण कशाचे मिस्त्री, हे कॅलेंडर पाहून सांगावं लागे. होळी झाली की त्यांच्या दुकानावर 'कूलर' अशी पत्र्याची पाटी चढे आणि दुकानात वाळ्याच्या ताट्यांचा वास सुटे. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याला लागली की ती पाटी उतरून 'फवारणी पंप' लागे. दिवाळीनंतर 'जिनिंग फिटर' लावून ते दिवसभर कापसाच्या जिनिंगमध्ये राबत. पाटी बदलायच्या दिवशी शेजारच्या सगळ्या दुकानदारांना त्यांच्याकडून चहा असे.

त्यांची लाडकी पाटी मात्र चौथी होती, आणि ती कोरी होती. दसरा ते दिवाळी दुकानावर नुसता पत्रा टांगलेला असे. त्याखाली खाट, खाटेवर चाचा आणि चाचांच्या पुढ्यात सीताफळांची टोपली. ऑक्टोबरच्या उकाड्यात एखादा कासावीस होऊन येई, "चाचा, कूलर बंद पडला, जरा पाहा ना."

"कूलरचा मौसम गेला."

"पण गरमी तर हाय!"

"ते गरमीले सांग. मी आराम करून राह्यलो." असं म्हणून चाचा डब्यात बी थुंकत.

या आरामाबद्दल चाचींचं मत वेगळं होतं. "यायच्या आरामानं माह्यं काम वाढते," त्या मला सांगत. "कालपासून मिक्सर खोलून ठेवला. चांगला चालत होता बिचारा!" गिऱ्हाइकाच्या वस्तूला हात लावायचा नाही, हा चाचांचा नियम पक्का होता. घरच्या वस्तूंना मात्र त्यातून सुटका नव्हती.

मी बोरी अरबजवळच्या खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. कॉलेजसाठी दिग्रसला आलो तेव्हा चाचांनी दुकानावरची खोली मला राहायला दिली. पदवी मिळाल्यावर त्याच खोलीत त्यांनी मला गणित-विज्ञानाचा क्लास काढू दिला. तोवर मी त्यांच्या लेखी 'कॉलेज' होतो. त्या दिवसापासून 'मास्तर' झालो. मी मोठ्या हौसेनं पाटी रंगवून आणली. नावाखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : वर्षभर प्रवेश सुरू.

चाचा ती बराच वेळ न्याहाळत राहिले. मग म्हणाले, "वर्षभर? अबे, वर्षभर तर आंब्याले बी मोहर येत नाही. तू काय नळ हायेस का?"

मी हसण्यावारी नेलं. सकाळची तुकडी, संध्याकाळची तुकडी, रविवारची खास तुकडी, मे महिन्यात पुढच्या वर्षाची तुकडी. घरातला पहिला शिकलेला माणूस रिकामा बसला, तर आपलं शिक्षण कुणीतरी परत मागेल, अशी काहीतरी भीती माझ्या मनात असे. चाचा खालून ओरडत, "मास्तर, श्वास घे! पोट्टे पळून नाही जात!"

एका नवरात्रात माझा आवाज गेला. आधी फाटला, मग नुसती हवा येऊ लागली. यवतमाळच्या डॉक्टरांनी बजावलं, "दिवाळीपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजही नको. नाही ऐकलंत, तर हा आवाज परत येईलच असं मी सांगू शकत नाही." आणि सहामाही परीक्षा तोंडावर आलेली. त्यातच समोरच्या इमारतीत पुसदच्या एकांनी चकचकीत नवा क्लास उघडलेला. बंद ठेवला तर मुलं जाणार, चालवला तर आवाज. मी बसमध्येच ठरवलं : माईक आणायचा आणि हळू आवाजात शिकवायचं.

परतलो तर दसऱ्याची पाटी बदलायला चाचांनी शिडी लावलेली. सगळं लिहून दिलेली माझी चिठ्ठी त्यांनी अक्षर अक्षर लावत वाचली, पण माईकच्या ओळीपर्यंत न येताच ती खिशात टाकली. आपला कोरा पत्रा टांगला. मग शिडी उचलून माझ्या पाटीखाली नेली आणि वर चढू लागले. मी हातवारे केले, पाय आपटले. जिन्यात पोरं जमली होती. चाचांनी वरून खाली पाहिलं. "बोल ना. शिव्या दे. मी आईकून राह्यलो." जिनिंगच्या घरघरीनं त्यांचे कान निम्मे गेलेले, माझा आवाज पूर्ण गेलेला, असं भांडण दिग्रसनं पाहिलं नसेल. तेवढ्यात शिडी हलली. "अबे, तमाशा काय पाहून राह्यला? शिडी धर!"

आणि मी धरली. संताप होताच, पण दोन्ही हातांनी घट्ट. माझ्याच आधारानं चाचांनी माझी पाटी उलटी केली. पाठीमागची कोरी बाजू रस्त्याकडे आली.

दुसऱ्या दिवसापासून पालक चौकशीला येऊ लागले. चाचांनी खाटेवर मलाही जागा दिली होती, हातात सीताफळ दिलं होतं. बोलायचं काम त्यांच्याकडे.

"क्लास काहून बंद हाय जी? मास्तर कुठं गेलते?"

"कुठं नाही गेला. हा काय बसला. यंदा पडीत ठेवला त्याले."

मला वाटलं, आता हा पालक चिडेल. पण त्यानं, जमिनीकडे पाहावं तसं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरोबर हाय. लय पिकं घेतली एका वावरात. पडू द्या दिवाळीपावतर." आणि तो निघून गेला. आलेल्या बहुतेकांना 'पडीत' एवढंच पुरलं. डॉक्टरांचा कागद मी उगाच खिशात घेऊन बसलो होतो. 'पडीत मास्तर' हे नाव मात्र गावभर झालं, आणि पोरं जाता-येता मला नमस्कार करून फिदीफिदी हसू लागली.

सगळेच थांबले नाहीत. काही मुलं समोर गेली ती गेलीच. ती समोरचा जिना उतरताना दिसली की मी डोकी मोजू लागे. चाचा तेव्हा टोपलीतलं पिकलेलं फळ शोधून माझ्याकडे सरकवत. एकदा मात्र म्हणाले, "मास्तर, मी बी पहिल्यांदा पत्रा कोरा ठेवला ना, तवा लय भेव वाटलं होतं. वाटे, लोक मले विसरतीन. विसरले बी दोनचार. पण थकलेले हात ठिकाणावर आले."

दिवाळीनंतर आवाज परतला. थोडा घोगरा, पण माझाच. पाटीवरचं 'वर्षभर' मी खोडलं. तेव्हापासून दर दसऱ्याला चाचा माझी पाटी उलटी करत आणि दिवाळीपर्यंत क्लास बंद राही. पुढं मुलंही त्याची वाट पाहू लागली, माझ्याइतकी नाही.

गेल्या दसऱ्यानंतर चाचांचे गुडघे पार गेले आणि त्यांच्या मुलीनं दोघांना अमरावतीला नेलं. परवा चाचींचा फोन आला. "दिवसभर खिडकीत बसतात रे. इथं मिक्सरले बी हात लावत नाही." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पाट्या भंगारात देऊन टाक म्हणतात. आता आपला मौसम संपला म्हणतात."

चाचांना फोनवर काही ऐकू येत नाही. म्हणून मोठ्या अक्षरांत पत्र लिहिलं, ते असं :

आदरणीय चाचा,

सलाम.

पाट्या भंगारात दिलेल्या नाहीत, देणारही नाही. तिन्ही पुसून तुमच्या दुकानात ठेवल्या आहेत. चौथी तुम्ही टांगून गेलात तशीच आहे. लोक विचारतात, चाचा कुठं गेले? मी सांगतो, यंदा पडीत आहेत. पुढं कुणी काही विचारत नाही. पडीत वावर कुणी टाकून दिलेलं नसतं, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. तुम्हीच तेवढे विसरलात.

दसऱ्याला या. चाचींनाही आणा. खाटेची दोरी नवी भरून घेतली आहे. सीताफळं पिकायला आली, डोळे उघडू लागली आहेत. माझा मिक्सर चांगला चालतो आहे, तो तुमच्यासाठी काढून ठेवतो. तुम्ही बोला, मी गप्प बसेन, सवय आहे.

माझी पाटी उलटी करायची आहे. तुमच्यानं चढवणार नाही, म्हणून यंदा मी चढतो.

तुम्ही फक्त शिडी धरा.

तुमचा,
मास्तर